'डॉक्टर हू'वरचे अनधिकृत माहितीपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचं वेड मला बऱ्याच वर्षांपासून आहे. ओळखीपाळखीच्या लोकांना ते ठाऊक असल्यामुळे प्रश्न येत राहतात. गंमत म्हणजे मालिकेबद्दल कमी आणि तिच्यावर बाहेरच्या लोकांनी काढलेल्या माहितीपटांबद्दल जास्त. 'हे चोरीचं असतं का?' इथपासून 'यात नुसती म्हातारी माणसं खुर्चीत बसून का बोलतात?' इथपर्यंत. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलं.

मुळात ही मालिका काय आहे? थोडक्यात सांगा.

थोडक्यातच सांगतो. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झाली. 'डॉक्टर' नावाचा परग्रहावरचा एक प्रवासी निळ्या पोलीस-पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून काळात आणि अवकाशात भटकतो. पेटी बाहेरून टेलिफोनच्या खोपटाएवढी, आतून प्रशस्त. मुख्य नट सोडून गेला की डॉक्टर कात टाकतो आणि नव्या चेहऱ्याने पुढे चालू लागतो. या एका युक्तीवर मालिका २६ सीझन आणि ६९५ भाग चालली, १९८९ मध्ये थांबली, १९९६ मध्ये एका टेलिफिल्मपुरती डोकावली आणि २६ मार्च २००५ पासून पुन्हा सुरू झाली.

'अनधिकृत' म्हणजे नेमकं काय? बेकायदेशीर?

नाही. हा घोळ सगळ्यात जास्त होतो. अनधिकृत म्हणजे मालिकेच्या मालकाने, इथे बीबीसीने, जो माहितीपट काढला नाही, ज्याला पैसे दिले नाहीत आणि ज्याच्यावर आपला शिक्का मारला नाही तो. एखाद्या नटाने आपल्या कामाबद्दल कॅमेऱ्यासमोर तासभर बोलायचं ठरवलं तर त्याला मालिकेच्या मालकाची परवानगी सहसा लागत नाही. आठवणी त्याच्या, तोंड त्याचं. अडचण येते ती मालिकेतलं काही उचलून दाखवायची वेळ आली की. म्हणून चांगला अनधिकृत माहितीपट 'काय दाखवता येणार नाही' याची यादी आधी करतो आणि मग कॅमेरा काढतो.

कुणी मालिकेचे भागच्या भाग उचलून, वर आवाज टाकून 'माहितीपट' म्हणून चढवले, तर ती चोरी. तिला अनधिकृत म्हणणं म्हणजे तिचा मान वाढवणं.

मग त्यात मालिकेतली दृश्यं का नसतात?

दृश्यांना पैसे पडतात, आणि एकालाच देऊन भागत नाही. जुन्या भागात बीबीसीचा हक्क असतो, लेखकाचा असतो, संगीताचा वेगळा असतो, नटांच्या करारांचं आणखी काहीतरी निघतं. ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षेसाठी छोटा तुकडा वापरायची मुभा आहे, पण 'छोटा' म्हणजे किती आणि 'समीक्षा' कशाला म्हणायचं, हे शेवटी न्यायालयात ठरतं. कॅसेटी विकून कसंबसं घर चालवणारा निर्माता त्या वाटेला जात नाही.

हक्कांचं जंगल किती दाट आहे त्याचा एकच दाखला देतो. २०२३ मध्ये, मालिकेच्या साठाव्या वर्षी, बीबीसीने जुने-नवे शेकडो भाग आपल्या आयप्लेयर या ऑनलाइन सेवेवर आणले. त्यात पहिल्या कथेचे चार भाग नव्हते. लेखक अँथनी कोबर्न यांच्या वारसांशी हक्कांवरून जमलं नाही. म्हणजे खुद्द मालकाला आपल्या मालिकेचा श्रीगणेशा दाखवता आला नाही. बाहेरच्याची काय कथा!

निळी पेटी तरी दाखवता येते ना? ती तर पोलिसांची होती.

लंडनच्या पोलिसांचंही हेच म्हणणं होतं. बीबीसीने त्या पेटीचा ट्रेडमार्क मागितला तेव्हा मेट्रोपॉलिटन पोलिसांनी हरकत घेतली. २००२ मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. रस्त्यावरच्या पेट्या तोवर बहुतेक गेल्या होत्या आणि लोकांच्या डोळ्यांसमोर ती पेटी मालिकेमुळेच राहिली होती.

बीबीसीने जुने भाग खरंच पुसले? की ही चाहत्यांची दंतकथा?

खरंच पुसले. हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक अनधिकृत माहितीपटांचं मूळ इथे आहे.

साठच्या दशकात भाग दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ-फितीवर मुद्रित व्हायचा. फीत महाग, आणि तिचा मोठा गुण म्हणजे ती पुसून पुन्हा वापरता यायची. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर बंधनं होती. त्यातच १९६९ मध्ये बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत झाली. जुन्या कृष्णधवल भागांना ना पुनःप्रक्षेपणाचा उपयोग, ना बाजारभाव. घरी व्हिडिओ घेऊन लोक हे विकत घेऊन बघतील, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. फिती पुसल्या गेल्या.

परदेशी विकण्यासाठी मात्र आणखी एक प्रत निघायची. मॉनिटरसमोर १६ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा लावून पडद्यावरचं चित्र फिल्मवर उतरवायचे. ही रिळं देशोदेशी फिरायची, एका वाहिनीकडून दुसरीकडे जायची, आणि करार संपला की परत पाठवायची किंवा नष्ट करायची. परत आलेली रिळंही सत्तरच्या दशकात फेकली गेली. एका विभागाला वाटे दुसऱ्याकडे प्रत आहे, दुसऱ्याला वाटे पहिल्याकडे आहे. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. १९७८ च्या सुमारास हे थांबलं. त्यात एका चाहत्याने, इयन लेविनने, दारात उभं राहून केलेल्या आरडाओरड्याचाही वाटा होता.

पहिल्या सहा सीझनमधल्या २५३ भागांपैकी शंभराहून जास्त असे गेले. मग एकेक परतायला लागले. 'टूम ऑफ द सायबरमेन'चे चारही भाग हाँगकाँगहून आले, १९९२ मध्ये. २०१३ मध्ये फिलिप मॉरिस यांना नायजेरियातल्या जोस शहरात सापडलेल्या रिळांमधून नऊ हरवलेले भाग मिळाले आणि गहाळ भागांचा आकडा १०६ वरून ९७ वर आला. त्या साठ्यातून 'द वेब ऑफ फिअर' ही सहा भागांची कथाही आली, पण तिसरा भाग आला नाही. चाहते त्या एका भागाबद्दल अजून दात-ओठ खात बोलतात.

जे भागच नाहीत, त्यांच्यावर माहितीपट कसा काढणार?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

पहिली गोष्ट आवाज. एकूण एक गहाळ भागाचा आवाज शाबूत आहे, आणि तो बीबीसीने नाही, प्रेक्षकांनी राखला. शाळकरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बसायची आणि आईने मधे बोलू नये म्हणून हातवारे करायची. एका पठ्ठ्याने तर टीव्हीच्या आतून थेट वायर काढून टेपरेकॉर्डरला जोडली. त्याच्या ध्वनिमुद्रणात स्वयंपाकघरातल्या कपबशा वाजत नाहीत. आज जे अधिकृत ध्वनिसंच आणि ॲनिमेशन विकले जातात, ते या मुलांच्या टेपांवर उभे आहेत.

दुसरी गोष्ट फोटो. जॉन क्युरा नावाचे गृहस्थ टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढायचा धंदा करत. भाग चालू असताना साठ-सत्तर वेळा कॅमेऱ्याचा खटका दाबायचा आणि छोटे छोटे फोटो दिग्दर्शकांना, नटांना विकायचे. व्हिडिओ नसलेल्या काळात आपलं काम पुन्हा बघायचा तेवढाच मार्ग होता. क्युरा १९६९ मध्ये गेले. आपले फोटो एका हरवलेल्या दुनियेचा पुरावा ठरतील, याची त्यांना कल्पना असायचं कारण नव्हतं.

तिसरी गोष्ट सेन्सॉरची कात्री, आणि इथे नियतीने चांगलीच चेष्टा केली आहे. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल म्हणून गळे दाबण्याची, किंकाळ्यांची दृश्यं कापून काढली आणि सरकारी शिस्तीने फायलीला लावून ठेवली. पुढे अख्खे भाग नष्ट झाले, पण कापलेले तुकडे दफ्तरात राहिले. १९९६ मध्ये तिथल्या चाहत्यांनी ते शोधून काढले. म्हणजे काही भागांतलं जेवढं बघण्यालायक नाही म्हणून ठरलं होतं, नेमकं तेवढंच आज बघता येतं.

आणि एक तुकडा तर दुसऱ्याच कार्यक्रमाने वाचवला. डॉक्टरने पहिल्यांदा कात टाकली ती २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात. तो भाग गेला. पण 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमाने १९७३ मध्ये ते काही क्षण आपल्या भागात दाखवले होते, म्हणून मालिकेतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण उरला.

आवाजावर फोटो आणि तुकडे लावून चाहत्यांनी अख्ख्या कथा पुन्हा उभ्या केल्या. 'लूज कॅनन' या गटाचं काम यात सर्वात वरचं. त्यांचा नियम असा की पैसे घ्यायचे नाहीत. कोरी व्हीएचएस कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवा, भरून मिळेल. त्यात ते जिवंत असलेल्या नटांकडून नव्या प्रस्तावनाही मुद्रित करून जोडत. माझ्या लेखी हा माहितीपटच आहे, कुणी काहीही म्हणो.

'मिथ मेकर्स' काय भानगड आहे?

कीथ बार्नफादर यांच्या 'रीलटाइम पिक्चर्स'ची मुलाखतमाला. १९८४ मध्ये सुरू झाली. एका भागात एकच माणूस: नट, लेखक, कधी पडद्यामागचा कारागीर. त्याला चित्रीकरणाच्या जुन्या जागी न्यायचं, बोलतं करायचं. विनोद कधी कधी शाळेच्या स्नेहसंमेलनासारखा, प्रकाशयोजना यथातथा. पहिली मुलाखत मायकल विशर यांची. डॅलेक म्हणजे मालिकेतले डॉक्टरचे सगळ्यात गाजलेले शत्रू; १९७५ मध्ये त्यांचा जन्मदाता डॅव्ह्रॉस पहिल्यांदा साकारला तो यांनी. विशर १९९५ मध्ये वारले. अधिकृत डीव्हीडींवर भरभरून मुलाखती यायला लागल्या त्याच्याही आधी.

मुद्दा हाच आहे. बीबीसीला या माणसांना विचारावंसं वाटलं तेव्हा त्यातली कितीतरी उरली नव्हती. कमी पैशांत, भाड्याच्या कॅमेऱ्याने का होईना, कुणीतरी आधी जाऊन विचारलं होतं.

यातल्या बऱ्याच मुलाखती घेणारा तरुण चाहता म्हणजे निकोलस ब्रिग्ज. २००५ पासून खऱ्या मालिकेत डॅलेकांचा आवाज तोच देतो.

अनधिकृत लोकांनी या मालिकेतले राक्षस घेऊन चक्क कथापटही काढले म्हणे? ते कसं चाललं?

चाललं, आणि कायदेशीर चाललं. बीबीसी कथा बाहेरच्या लेखकांकडून लिहून घ्यायची आणि लेखकाने निर्माण केलेल्या प्राण्यावर, पात्रावर लेखकाचा हक्क राहायचा. त्यामुळे 'डॉक्टर' वापरता येत नसला तरी लेखकाशी बोलणी करून त्याचा राक्षस आणता यायचा. १९९४ मध्ये 'शेकडाउन'मध्ये सोन्टारन आले, १९९५ मध्ये 'डाउनटाइम'मध्ये यती. हा यती आपल्या हिमालयातला, पण लंडनच्या भुयारी रेल्वेत शिरलेला.

'डाउनटाइम'मध्ये ब्रिगेडियरची, म्हणजे मालिकेतल्या डॉक्टरच्या जुन्या लष्करी दोस्ताची, मुलगी केट पहिल्यांदा दिसली. २०१२ मध्ये तीच केट अधिकृत मालिकेत आली, जेमा रेडग्रेव्हच्या रूपात, आणि तिथली महत्त्वाची पात्र झाली. पायरीवर उभं केलेलं पोर पुढे घरचं कर्तं झालं.

'डॉक्टर हू ॲम आय' बघावा का?

बघावा. २०२२ चा. १९९६ ची टेलिफिल्म लिहिणारे मॅथ्यू जेकब्स हेच त्याचे नायक आणि सह-दिग्दर्शक, व्हेनेसा युइल यांच्यासोबत. त्या टेलिफिल्ममध्ये त्यांनी डॉक्टरला अर्धा माणूस ठरवलं आणि त्याला चुंबन घ्यायला लावलं. चाहत्यांनी त्यांना वर्षानुवर्षं धारेवर धरलं. पंचवीसेक वर्षांनी हा माणूस अमेरिकेतल्या चाहत्यांच्या संमेलनाला जातो. लग्नाला बोलावलंय की जाब विचारायला, हे त्याला ठाऊक नाही. हळूहळू माहितीपट मालिकेवरून त्याच्या घराकडे वळतो. वडील अँथनी जेकब्स यांनी १९६६ मध्ये याच मालिकेत डॉक हॉलिडेचं काम केलं होतं.

माझी एक तक्रार: चाहत्यांच्या पोशाखांवर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो. हा रोग जुना आहे. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांवरच्या १९९७ च्या 'ट्रेकीज'लाही होता. गणवेश घातलेला माणूस दाखवला की हशा हमखास मिळतो; त्याने तो का घातला हे विचारायला वेळ लागतो.

बीबीसीचे स्वतःचे माहितीपट असताना हे कशाला बघायचे?

बीबीसीचे वाईट नाहीत. १९७७ चा 'हूज डॉक्टर हू' आणि १९९३ चा, केव्हिन डेव्हिस यांचा '३० इयर्स इन द टार्डिस' दोन्ही जरूर बघा. दृश्यं मुबलक, काम नेटकं. पण घरचं कार्य असलं की काही विषय निघत नाहीत. फिती कुणाच्या सहीने पुसल्या, १९८० च्या दशकात सेटवर कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, पगार किती मिळायचा, हे नट बाहेरच्या माणसाशी बोलताना मोकळेपणाने सांगतात. उलट बाजूही आहे: बाहेरच्याला संपादक नसतो. दीड तासाच्या मुलाखतीतली चाळीस मिनिटं सुखाने कापता आली असती, असं वाटतंच.

यात सांगितलेलं सगळं खरं मानायचं?

अजिबात नाही. म्हातारपणीच्या आठवणी आहेत, आणि संमेलनांतून शंभरदा सांगून गुळगुळीत झालेल्या. उदाहरण देतो. पहिला भाग केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी लागला. त्यामुळे तो दहा मिनिटं उशिरा सुरू झाला, हे कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितलंय. प्रत्यक्षात उशीर ८० सेकंदांचा. पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवला, एवढं मात्र खरं.

माझी पद्धत अशी: तारखा आणि आकडे कागदावरून घ्यायचे, भीती, भांडण, थंडी, भूक हे माणसाकडून.

या सगळ्यात भारताचा कुठे संबंध येतो का?

पहिल्याच भागापासून. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म १९३८, लखनौ. आई म्हणजे लेखिका अतिया हुसेन. पंचविशीतला हा भारतीय तरुण आणि निर्माती व्हेरिटी लँबर्ट, तीही जेमतेम सत्तावीस वर्षांची. पन्नाशीच्या गोऱ्या साहेबांच्या बीबीसीत या दोघांच्या हाती मालिका दिली गेली. हुसेन यांनी 'मार्को पोलो' या सात भागांच्या कथेचे सहा भागही दिग्दर्शित केले. ती कथा पूर्ण गहाळ आहे. पण त्या सहा भागांचे जॉन क्युरांनी काढलेले फोटो हुसेन यांनी स्वतःजवळ जपून ठेवले होते, म्हणून आज ती दिसत तरी कशी होती ते कळतं. चौथा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाचा, त्याचे फोटो त्यात नाहीत. हुसेन यांची मुलाखत असलेला कुठलाही माहितीपट मिळाला तर सोडू नका.

मराठी माणसाला आणखी एक धागा सापडेल. डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल यांनी जॉन एलियट यांच्यासोबत बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही विज्ञानकथा मालिका लिहिली होती. १९६१ ची, सात भागांची. 'डॉक्टर हू'च्या दोन वर्षं आधी. नारळीकर तेव्हा हॉईल यांच्या हाताखाली संशोधन करत होते. तीही पुसली गेली. २००५ मध्ये सहावा भाग सापडला, बाकीच्यांचे तुकडेच उरलेत. कृष्णविवरांवर मराठीत कथा लिहिणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञाच्या गुरूची टीव्ही मालिका बघायला मिळत नाही, याची चुटपुट मला लागून राहिली आहे.

मूळ मालिका बघितली नाही तर माहितीपट कळेल?

'डॉक्टर हू ॲम आय' कळेल. 'मिथ मेकर्स' नाही कळणार, कंटाळा येईल. आधी २००५ चे चार-पाच भाग बघा, मग १९६३ चा पहिला भाग मिळाला तर तो, मग इकडे या.

मला मराठीत एखाद्या जुन्या मालिकेवर असं करायचं आहे. सुरुवात कुठून?

सगळ्यात वयस्कर माणसापासून. दृश्यांची परवानगी, संगीत, नाव, पोस्टर सगळं नंतर मिळवता येतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी सवलत आहे, पण तिच्यावर विसंबण्याआधी वकिलाला विचारा. मुलाखत देणाऱ्याची लेखी संमती पहिल्याच दिवशी घ्या. आणि आवाज नीट घ्या. चित्र हललं तर लोक सांभाळून घेतात; पंख्याच्या घरघरीत बुडालेली आठवण कुणी ऐकत नाही.

घरी जुन्या व्हीएचएस कॅसेटी सापडल्या. लावून बघू?

थांबा. आपल्याकडच्या पावसाळ्यांत फितीवर बुरशी चढते. कॅसेटच्या काचेतून पांढरे ठिपके किंवा कापसासारखं काही दिसलं तर व्हीसीआरमध्ये घालू नका. फीत तुटेल, हेड खराब होईल आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी लागेल. कोरड्या जागी, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा आणि जुन्या फिती साफ करून डिजिटल करून देणाऱ्याकडे न्या. कॅसेटवरचं लेबल हाताने लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो काढून ठेवा. कित्येकदा तारीख तिथेच असते.